दोन्ही कॉलेजं गावातलीच, मग हो कुणाला म्हणायचं?

पत्र: आम्ही ओहायोतल्या मेसनला राहतो. मुलगा हायस्कूलच्या ज्युनियर (अकरावीच्या) वर्षात आहे, उंची सहा फूट पाच इंच, बास्केटबॉलमध्ये विंग, म्हणजे बाजूच्या जागेवर खेळतो. सिनसिनाटी विद्यापीठ आणि झेवियर, दोन्हीकडचे सहायक कोच जूनपासून मेसेज करतायत. दोघांनीही तोंडी ऑफर दिली आहे. नदीपलीकडच्या नॉर्दर्न केंटकी विद्यापीठाने पूर्ण शिष्यवृत्ती देऊ म्हणून सांगितलंय. शाळेचा कोच सिनसिनाटीच्या बाजूचा, एएयू संघाचा (शाळेबाहेरच्या क्लबचा) कोच झेवियरच्या. इथल्या मराठी मंडळातसुद्धा दोन तट पडलेत, आणि जो तो म्हणतो, गावचा पोरगा गावातच राहिला पाहिजे. एएयूचे कोच सुचवतात की हायस्कूलनंतर एक वर्ष प्रेप स्कूलला (कॉलेजपूर्व तयारीच्या शाळेत) काढा, अंगाने भरेल, मागणी वाढेल. मुलाला इंजिनियरिंग करायचं आहे. मी एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, तो एच-४वर (माझ्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या व्हिसावर). पुण्यात नववी करून आला, इथे वयाकडे बघून शाळेने त्याला पुन्हा नववीत घातलं. आम्ही काय करावं? – एक बाप

नमस्कार,

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जी दोन वाक्यं लिहिलीत, त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी. सिनसिनाटी की झेवियर हे नंतर बघू.

आधी नववीचं. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना, तिच्या पहिल्या विभागात खेळायला हायस्कूलचे १६ 'कोअर' विषय लागतात. इंग्रजी चार वर्षं, गणित तीन (अल्जिब्रा १ किंवा त्याच्या वरचं), विज्ञान दोन, समाजशास्त्र दोन, या पहिल्या तिघांपैकी कशाचं तरी आणखी एक वर्ष, आणि उरलेली चार यांतलीच किंवा परकी भाषा वगैरे. या १६ विषयांची सरासरी किमान २.३ हवी. सिनियर (बारावीचं) वर्ष सुरू व्हायच्या आत दहा विषय पूर्ण हवेत, त्यांतले सात इंग्रजी, गणित आणि विज्ञानातले. त्या दहांचे ग्रेड तिथे पक्के होतात, पुन्हा तोच विषय घेऊन सुधारता येत नाहीत. एसएटी-एसीटीची अट २०२३ मध्ये काढून टाकली, त्यामुळे सगळा भार या विषयांवर आहे. अभ्यासात बरा असलेल्या मुलाला हे जड नाही. तुमची अडचण वेळेची आहे. मुलाने पहिल्यांदा नववीत प्रवेश घेतला तेव्हापासून आठ सेमिस्टर मोजली जातात, आणि पुण्याची नववी ही पहिली नववी धरली जाते. त्या हिशेबाने त्याची मुदत सिनियर वर्षाच्या शेवटी संपत नाही, याच ज्युनियर वर्षाच्या शेवटी संपते.

म्हणजे पुढच्या वर्षी वर्गात बसून मिळवलेले विषय एनसीएए मोजेलच याची खात्री नाही. दिलासा इतकाच की पुण्यात शिकलेले विषयही हिशेबात येऊ शकतात. मात्र एकाच पातळीचा विषय दोनदा मोजत नाहीत, तेव्हा तिथलं नववीचं इंग्रजी आणि इथलं नववीचं इंग्रजी मिळून एकच भरण्याची शक्यता जास्त. आज रात्रीच कागदावर दोन रकाने आखा. एकात पुण्याचे विषय, दुसऱ्यात इथले आतापर्यंतचे आणि चालू वर्षाचे. शाळेचे कोणते विषय मंजूर आहेत त्याची यादी एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर शाळेच्या नावाने मिळते. 'बिझनेस मॅथ'सारखे काही विषय गणिताच्या नावाखाली असूनही त्या यादीत नसतात. बेरीज १६ च्या खाली आली तर मंजूर ऑनलाइन किंवा उन्हाळी वर्ग घ्यायला अजून थोडा वेळ हातात आहे. पुण्याच्या शाळेकडून नववीचं गुणपत्रक सही-शिक्क्यानिशी मागवा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, कारण तारखा त्यावर असतात. मूळ कागद मराठीत असेल तर ओळीला ओळ लावून केलेलं प्रमाणित भाषांतरही जोडावं लागतं. पुण्यातल्या शाळा दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत बंद असतात, तेव्हा हे काम तारखा बघून लावा.

म्हणूनच प्रेप स्कूलचा सल्ला तुमच्या मुलाला लागू पडत नाही. बास्केटबॉलमध्ये अपेक्षित वर्षी हायस्कूल संपल्यावर कॉलेजात दाखल व्हायला एक वर्षाची सवलत असते. तुमच्या मुलाची ती सवलत इथली दुसरी नववी भरून काढण्यातच खर्ची पडते. त्यावर आणखी एक वर्ष घातलंत, तर कॉलेजातला खेळण्याचा एक हंगाम हातचा जाऊ शकतो. एएयूच्या कोचला पुण्याच्या नववीची कल्पना नसावी. इथल्या मुलांसाठी तो सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो.

हे नियम वरचेवर बदलतात आणि परदेशातून आलेल्या मुलांच्या बाबतीत सूटही मागता येते. म्हणून अंदाजावर राहू नका. प्रत्येक कॉलेजात नियमपालनाचं वेगळं कार्यालय असतं, त्याला कंप्लायन्स म्हणतात. तिन्ही कॉलेजांच्या कंप्लायन्सला ईमेल करा, दोन्ही नवव्यांच्या तारखा द्या आणि उत्तर लेखी मागा. कॉलेजने आपल्या मागणी-यादीत मुलाचं नाव घातल्याशिवाय एलिजिबिलिटी सेंटर त्याचा निकाल लावत नाही. त्यामुळे या ईमेलचा एक फायदा असाही होतो की तोंडी ऑफर किती खरी आहे ते कळतं. ज्यांना मुलगा खरोखर हवा असतो, ते कागदपत्रं मागून घेतात. 'बघू, अजून वेळ आहे' असं उत्तर आलं की समजून जा.

आता व्हिसा. एच-४वरच्या मुलाला कुठलंही काम करून पैसे घ्यायची परवानगी नाही. पूर्वी कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळतच नव्हतं, म्हणून हा प्रश्न उठायचा नाही. आता तो पहिल्या भेटीतच उठतो. जून २०२५ मध्ये न्यायालयाने 'हाउस' खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट उत्पन्नातला वाटा देऊ लागली. २०२५-२६ साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती, सगळे खेळ मिळून. त्याशिवाय खेळाडूचं नाव आणि छबी वापरण्याचे बाहेरचे करार, म्हणजे एनआयएल. त्यातले ६०० डॉलर किंवा त्यावरचे 'एनआयएल गो' या व्यवस्थेत नोंदवावे लागतात. ओहायोत आता हायस्कूलच्या मुलांनाही असे करार करता येतात.

तुमच्या मुलाने यातलं काहीही इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. कोपऱ्यावरचा चिली पार्लरवाला 'इन्स्टाग्रामवर एक फोटो टाक, दोनशे डॉलर घे' म्हणाला तरी नाही. रक्कम किरकोळ असली तरी पुढे स्टेटस बदलताना किंवा ग्रीनकार्डच्या वेळी परवानगीविना काम केल्याचा ठपका बसू शकतो, आणि तो पुसणं फार अवघड असतं. शिष्यवृत्तीची गोष्ट वेगळी, परदेशी विद्यार्थ्यांना ती सर्रास मिळते. फक्त राहण्या-जेवण्याचा जो भाग त्यात असतो तो करपात्र असतो. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ सुटतं, म्हणजे ऐन कॉलेजच्या मधल्या हंगामात त्याला एफ-१वर (विद्यार्थी व्हिसावर) जावं लागेल. एफ-१वरही वाट्याचे पैसे घेता येतात का, हे अजून स्वच्छ झालेलं नाही. तुमचा आय-४८५ (ग्रीनकार्डचा अर्ज) दाखल झाला असेल आणि मुलाच्या हातात कामाचं परवानापत्र असेल, तर चित्र पूर्ण पालटतं. वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. आणि दोन्ही कॉलेजांना स्पष्ट विचारा: 'तुमच्या संघात परदेशी व्हिसावरचे खेळाडू आहेत का, आणि त्यांना वाटा कसा देता?' ज्यांनी हे आधी हाताळलंय त्यांच्याकडे उत्तर तयार असतं.

आता येऊ तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

या दोन कॉलेजांत तीनेक मैलांचं अंतर आहे आणि १९२८ पासूनचं वैर आहे. क्रॉसटाउन शूटआउटच्या, म्हणजे या दोघांमधल्या सामन्याच्या दिवशी शहरात एकाच घरात दोन रंगांचे शर्ट दिसतात. गावच्या मुलांनी दोन्हीकडे नाव काढलंय. झेवियरचा आजवरचा सर्वाधिक गुणांचा विक्रम, २,६९६ गुण, बायरन लार्किनच्या नावावर आहे आणि तो इथल्याच मोलर हायस्कूलचा. टायरोन हिल विथ्रो हायस्कूलमधून झेवियरला गेला आणि तिथून एनबीएत. सिनसिनाटीने १९६१ आणि १९६२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या दोन्ही संघांत नदीपलीकडच्या कव्हिंग्टनचा टॉम थॅकर होता. अशा आठवणींमुळे लोकांना गावचा पोरगा हवासा वाटतो, आणि त्यात खोटं काही नाही. पण 'गावचा' हा शब्द कोच वापरतो तेव्हा तो भरतीचं काम करत असतो. गावातल्या मुलाला ऑफर दिली की स्थानिक हायस्कूलचे कोच खूश राहतात, पुढच्या मुलांची दारं उघडी राहतात. त्यामुळे स्थानिक ऑफरी लवकर येतात आणि त्यांतल्या काही फक्त संबंध राखण्यासाठी असतात. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात. तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही, कॉलेजलाही नाही आणि तुम्हालाही नाही. लेखी शिष्यवृत्तीपत्रावर सह्या झाल्या की मगच ती खरी. पूर्वीचं 'लेटर ऑफ इंटेन्ट' (प्रवेशाचं बंधनकारक हमीपत्र) २०२४ मध्येच बंद झालं.

कोचला विचारा: 'आज माझा मुलगा हो म्हणाला तर तुम्ही ते स्वीकारता का?' उत्तर एका शब्दाचं असायला हवं.

मग मिनिटं मोजा. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवता येतात, आणि शिष्यवृत्तीविना खेळणारे वॉक-ऑनसुद्धा त्यातच धरतात. प्रत्यक्षात आठ-नऊ जणच नेमाने खेळतात. दोन्ही कॉलेजांच्या गेल्या तीन हंगामांचे स्कोअरकार्ड उघडा. नोव्हेंबर-डिसेंबरचे दुबळ्या संघांविरुद्धचे सामने सोडून द्या, तिथे वीस गुणांची आघाडी झाल्यावर सगळ्यांनाच उतरवतात. जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे कॉन्फरन्सचे (आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणारे) सामने घ्या, आणि हायस्कूलमधून थेट आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी किती मिनिटं मिळाली ते लिहा. शेजारी ट्रान्स्फर पोर्टलमधून (दुसऱ्या कॉलेजातून बदलून) आलेल्यांची मिनिटं लिहा. २०२४ पासून खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, त्यामुळे कोचला अठरा वर्षांचं पोर घडवत बसण्यापेक्षा बावीस वर्षांचा तयार गडी आणणं सोपं पडतं. दुसऱ्या रकान्यापुढे पहिला अगदीच रोडका दिसला, तर तिथे तुमचा मुलगा पहिलं वर्ष बाकावर काढेल हे धरून चाला. तसं असेल तर पहिल्या वर्षी त्याच्या शरीरावर, नेमबाजीवर कोण आणि किती वेळ काम करणार, हे विचारा. नाव सांगा म्हणावं, 'आमचा स्टाफ' हे उत्तर पुरेसं नाही.

कोचच्या भरवशावर कॉलेज निवडू नका, मग तो कितीही आपला वाटो. मिक क्रोनिन याच शहरातला, सिनसिनाटीचा कोच होता, २०१९ मध्ये यूसीएलएला गेला. क्रिस मॅकही इथलाच, झेवियर सोडून २०१८ मध्ये लुइव्हिलला गेला. शॉन मिलर झेवियरहून दोनदा गेला, २००९ मध्ये ॲरिझोनाला आणि २०२५ मध्ये टेक्सासला. यात त्यांचं काही चुकलं नाही, हा धंदाच तसा आहे. पण नवा कोच आपले खेळाडू घेऊन येतो आणि आधीच्या कोचने निवडलेली पोरं मागे पडतात. कोच गेला तरी मुलगा या कॉलेजात आनंदाने शिकेल का, हा प्रश्न मुलाला एकट्याला बसवून विचारा.

पैशाच्या बाबतीत दोघांत एक मुळातला फरक आहे. सिनसिनाटी बिग १२ या कॉन्फरन्समध्ये आहे आणि तिथे फुटबॉल आहे. अशा कॉलेजांत वाट्याचा मोठा हिस्सा फुटबॉलकडे जातो. झेवियरने १९७३ च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केलं, ते बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये आहे आणि तिथे बास्केटबॉल हाच मुख्य खेळ. मात्र तुमच्या मुलाला सध्या पैसे घेताच येत नसतील, तर या फरकाला फार वजन देऊ नका.

प्रवासाला मात्र द्या. बिग १२ म्हणजे प्रोव्हो (युटाह), टेम्पी (ॲरिझोना), ऑर्लंडो (फ्लोरिडा), मॉर्गनटाउन (वेस्ट व्हर्जिनिया). बिग ईस्टमध्ये पश्चिमेकडचं टोक ओमाहा, बाकी बहुतेक शिकागो ते प्रॉव्हिडन्सच्या पट्ट्यात. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण विमानतळावर आणि बसमध्ये गेलेला वेळ त्यात धरत नाहीत. बुधवारी रात्री युटाहमध्ये सामना असेल तर गुरुवारची लॅब गेलीच.

इंजिनियरिंगच्या दृष्टीने कौल सिनसिनाटीकडे झुकतो, यात शंका नाही. झेवियरमध्ये अभियांत्रिकीचं स्वतंत्र महाविद्यालय नाही. व्यवसाय, नर्सिंग, विज्ञान असं काही घ्यायचं असतं तर लहान वर्ग हा तिथला मोठा गुण ठरला असता. सिनसिनाटीत को-ऑपची पद्धत १९०६ मध्ये सुरू झाली, एक सत्र शिकायचं आणि एक सत्र कंपनीत पगारी काम करायचं. पण बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे दोन्ही सत्रं अडकवतो. खेळाडूला उन्हाळ्यातच को-ऑप बसवावं लागतं आणि उन्हाळ्यातही संघाचा सराव असतो. शिवाय ते काम पगारी, म्हणजे एच-४वर करता येणार नाही. एफ-१वर वेगळी परवानगी लागते, तीही साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. भेटीला जाल तेव्हा इंजिनियरिंगच्या शैक्षणिक सल्लागाराला भेटायचा आग्रह धरा आणि विचारा, गेल्या काही वर्षांत पुरुषांच्या बास्केटबॉल संघातला कुणी इंजिनियरिंग पूर्ण करून गेला का. उत्तर नाही असेल, तर मुलाला तेही माहीत असू द्या.

जवळच आहे म्हणून अधिकृत भेट टाळू नका. स्थानिक मुलं पाच-सहा वेळा स्वखर्चाने सामने बघून येतात आणि त्यालाच भेट समजतात. अधिकृत भेटीत दोन रात्री खेळाडूंबरोबर राहता येतं, खर्च कॉलेजचा. त्यात पूर्ण सराव बसून बघा, आणि नजर मुख्य पाच जणांवर ठेवू नका. बाराव्या-तेराव्या क्रमांकाच्या खेळाडूशी सहायक कोच कसा बोलतो, त्याची चूक थांबून दाखवतो की नुसता ओरडतो, ते बघा. पहिल्या वर्षी तुमचा मुलगा त्याच जागी असणार आहे.

नॉर्दर्न केंटकीला तुम्ही पत्रात एकच वाक्य दिलंत, पण तिघांत ठोस असं त्यांचंच बोलणं दिसतं. त्यांच्या हॉरायझन लीगमध्ये प्रवास कमी, आणि तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षी वीस-पंचवीस मिनिटं खेळलेला विंग पुढे बिग ईस्टला जायचा तर पोर्टलचा रस्ता उघडा आहे. उलट्या दिशेने, दोन वर्षं बाकावर बसून आलेल्याला तितकी मागणी नसते. त्यांच्याकडून लेखी कागद आधी मागा. ऑफर धरून ठेवण्याची मुदतही विचारा, कारण जागा मोजक्याच असतात आणि दुसरा विंग हो म्हणाला की ती ऑफर संपली. तिन्हीकडे दुखापतीनंतरची हमी वाचून घ्या. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या विभागातल्या कॉलेजांना खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार कॉलेज सुटल्यानंतरही किमान दोन वर्षं द्यावा लागतो.

गावात राहायचं ठरलं तर घरच्यांनी काही पथ्यं पाळायला हवीत. खेळाडूला सामन्यामागे मोजकेच मोफत पास मिळतात, ते विकता येत नाहीत. मंडळात हे आधीच सांगून टाका, म्हणजे डिसेंबरात कुणी रुसणार नाही. त्याहून गंभीर गोष्ट सट्ट्याची. ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे, पण कॉलेज खेळाडूला ते पूर्ण बंद आहे आणि संघातली आतली माहिती पुरवणंही बंद आहे. 'घोटा कसा आहे त्याचा? शनिवारी खेळतोय ना?' हा प्रश्न गणपतीच्या आरतीनंतर एखादे काका मायेने विचारतील. तुम्ही मायेने उत्तर दिलंत आणि ते पुढे सट्टा लावणाऱ्यापर्यंत पोहोचलं, तर चौकशी मुलाची होते. 'कोच सांगतील ते खरं' एवढंच सगळ्यांनी म्हणायचं, आजी-आजोबांनीसुद्धा. एकेका खेळाडूच्या गुणांवर पैसे लावायला ओहायोने २०२४ मध्ये कॉलेज सामन्यांपुरती बंदी घातली, तरी हरलेल्या सामन्यानंतर मुलाच्या फोनवर घाण मेसेज येतात. डिसेंबर २०११ चा सामना ९.४ सेकंद उरलेली असताना हाणामारीमुळे थांबवावा लागला होता, इतकं इथलं वातावरण तापतं. शूटआउटच्या आठवड्यात त्याची समाजमाध्यमं घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

निर्णय झाला की ज्यांना नाही म्हणायचं त्यांना आधी फोन करायचा, आणि तो मुलाने स्वतः करायचा. मेसेज नको. ज्या सहायक कोचने जूनपासून वेळ दिला त्याला पहिला फोन, मग मुख्य कोचला, दोन मिनिटांत आटोपायचं: आभार, निर्णय, एक खरं कारण. दुसऱ्या कॉलेजची तुलना करायची नाही. ते फोन होईपर्यंत शाळेचे कोच, एएयूचे कोच आणि मंडळातली मंडळी यांच्यापैकी कुणालाही सांगू नका, कारण या गावात अशी बातमी तासाभरात तीन मैल पार करते. नकाराचे फोन झाल्यावर होकाराचा फोन, आणि इंस्टाग्रामवरची पोस्ट त्यानंतर.